मला हात आहेत

या लेखात लघवी हा शब्द पुष्कळदा येणार आहे. ज्यांना जेवताना वाचायची सवय आहे त्यांनी आधी जेवून घ्यावं. मी जनावरांची डॉक्टर आहे. शेण, लघवी आणि व्यायल्यावर पडणारी वार यांतच माझे हात दिवसभर असतात, त्यामुळे नाजूक शब्द शोधत बसायची मला सवय नाही. शिवाय मी आजारी पडल्यापासून आमच्या घरात सगळे या गोष्टीला 'ते' म्हणायला लागले होते. 'तुझं ते झालं का?' 'त्याचं काय म्हणाले डॉक्टर?' ऐकून ऐकून मला त्याचा इतका वीट आला की एकदा तरी सगळं नाव घेऊन लिहायचं ठरवलं.

दुखणं थोडक्यात सांगते. कंबरेच्या मणक्यातली चकती सरकून खालच्या नसांवर बसली. ऑपरेशन करून ती काढली, पाय वाचले, पण मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा काही जाग्या झाल्या नाहीत. आता मला लघवी लागल्याचं कळत नाही आणि ती आपोआप नीट होतही नाही. दिवसातून ठरलेल्या वेळी मी ती नळीनं काढते. आणि दिंडोरीकडच्या गोठ्यांवर स्कूटर घेऊन फिरते, पूर्वी फिरत होते तशीच. हे फिरणं पुन्हा जमेल का, एवढाच माझ्यापुरता या सगळ्या प्रकरणातला प्रश्न होता. जमेल असं म्हणणारी सुरुवातीला मी एकटीच होते, आणि माझाही आवाज मधूनमधून बसत होता.

टाचणी

एका म्हशीनं मला गव्हाणीवर दाबलं, तिथून सुरुवात झाली. तिचा दोष नाही, तिला सुई टोचणार होते मी. कंबर धरली, गोळ्या खाल्ल्या, पट्टा बांधला आणि कामं चालू ठेवली. आमच्या धंद्यात कंबर दुखत नाही असं म्हणणारा माणूस एक तर नवा असतो, नाहीतर ऑफिसात बसलेला असतो.

मग एका सकाळी पंचवटीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये मी बसून राहिले आणि काही झालं नाही. वाटलं, पाणी कमी प्यायले असेन. धुवायला पाणी घेतलं तर ते गार आहे की कोमट, कळेना. पाणी लागतंय हेच कळेना. सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग जणू दुसऱ्या कोणाचा होता. मी ओटीपोटावर हात ठेवला आणि माझ्या बोटांनी मला आधी सांगितलं. खाली घट्ट, गोल, तट्ट फुगलेली पिशवी. असं पोट मी शेकडो कुत्र्यांचं चाचपलं होतं. एक तासही थांबू नका, असं मी त्या मालकांना सांगते तेही आठवलं. मी बाथरूममधूनच नवऱ्याला हाक मारली, "शिरीष, गाडी काढ. आत्ता."

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरनं मला पालथं झोपवलं आणि टाचणी घेतली. "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

ही तपासणी मी रोज करते, फरक एवढाच की मी चिमटा वापरते. पाठ मोडलेल्या कुत्र्याच्या मागच्या पायाच्या बोटाला चिमटा काढायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं. नुसता पाय आखडला तर त्याला अर्थ नाही. वळून बघितलं, गुरगुरलं, तर आशा आहे. मी टाचणीची वाट बघत पडले. थोड्या वेळानं विचारलं, "सुरू कधी करणार?"

"झालं की," तो म्हणाला.

मला हसू आलं. मी वळून बघितलं नव्हतं. हसता हसता कधी रडायला लागले ते समजलं नाही, आणि तो बिचारा टाचणी हातात धरून उभा राहिला. त्याच दिवशी ऑपरेशन झालं.

शू शू

हॉस्पिटलात पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लटकते. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघतो, मग चटकन छताकडे बघतो. माझ्या सासूबाईंनी तिसऱ्या की चौथ्या पाहुण्यानंतर तिच्यावर भरतकाम केलेला रुमाल टाकला. मी तो काढला. त्यांनी परत टाकला. असं आमचं दोन दिवस चाललं, आणि नर्स आली की रुमाल तिच्या हातात देऊन दोघी एकमेकींकडे रागानं बघत बसायचो.

सकाळी लादी पुसणारी बाई, मग चहा, मग रक्त घेणारा, मग डॉक्टरांची फेरी. फेरीत सगळे एकच विचारायचे, पायाची बोटं हलवा. मी हलवायचे. सगळे खूश. खालच्या नसांचं कोणी विचारलं तर उत्तर यायचं, होईल हळूहळू.

नळी काढल्यावर परीक्षा सुरू झाली. बाथरूममध्ये नळ सोडून ठेवा, गरम पाण्याची पिशवी ठेवा, बार्लीचं पाणी प्या. सासूबाई दाराबाहेर उभ्या राहून तान्ह्या बाळाला करतात तसं "शू... शू..." करायच्या. मला ते इतकं लागलं की मी आतून ओरडले, "आई, मी दूधपिती आहे का?" बाहेरून पुन्हा, जरा हळू आवाजात, "शू... शू..." माझी लघवी काही आली नाही. आज त्या आवाजाची आठवण आली की माया वाटते, तेव्हा मात्र दार फोडावंसं वाटलं होतं.

शेवटी सांगण्यात आलं की दिवसातून चार-पाच वेळा स्वतः नळी घालून लघवी काढायची. किती दिवस? सांगता येत नाही. मी मान डोलावली, नळ्यांचं पाकीट घेतलं, घरी आले आणि ते कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात टाकून दिलं. कारण मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं.

जास्त कळणं

आता थोडी जनावरांची गोष्ट, कारण माझी चूक तिथूनच आली.

मूत्राशय म्हणजे स्नायूची पिशवी. भरली की नस वर निरोप देते, वरून हुकूम येतो, पिशवी आवळते, खालचं तोंड सैल पडतं. नस मेली की हुकूम येत नाही. पिशवी भरत राहते, ताणत राहते. थोडे दिवस ताणली तर स्नायू परत आवळायला शिकू शकतो. खूप काळ तशीच राहिली की तो जुन्या परकराच्या नेफ्यातल्या इलॅस्टिकसारखा होतो, ओढा, सोडा, जागचा हलत नाही. काही जनावरांत वर्षं गेली की उलटही होतं. भिंत जाड आणि ताठर होते, पिशवीत मावतंच कमी. अपघातात पाठ गेलेली कुत्री मालक उशिरा आणतात तेव्हा हात लावल्याबरोबर मला समजतं की नस नंतर जागी झाली तरी आता स्नायूच तिचं ऐकणार नाही.

म्हणून आम्ही मालकांना शिकवतो, दाबून काढा. दोन्ही हात पोटाशी, हळू, सारखा दाब, मागच्या बाजूला. गोदाकाठी फुलं विकणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या काळ्या कुत्रीची लघवी अशी वर्षानुवर्षं काढली. कुत्री म्हातारी होऊन मेली, लघवीनं नाही. त्या बाईंना शिकवणारी मी.

तर मी माझी लघवीही तशीच काढायला लागले. बसायचं, पुढे वाकायचं, दोन्ही मुठी ओटीपोटात खुपसून जोर लावायचा. यायची! थेंब थेंब, मग जरा धार. मला कोण आनंद झाला. नळी नको, ती घालायला आरसा नको, कोणाचं 'होईल हळूहळू' नको. शिरीषनं विचारलं, "नळी घालतेस ना?" मी म्हटलं, "माझं मला कळतं." तो गणिताचा प्राध्यापक आहे, जनावरांच्या बाबतीत माझ्याशी वाद घालत नाही. इथे घालायला हवा होता.

मग हुडहुडी भरून ताप आला. तीन पांघरुणं घेऊनही दात वाजत होते. सोनोग्राफीत उजवी किडनी फुगलेली निघाली.

तू कुत्रा आहेस का

मूत्रविकाराच्या डॉक्टर एक बाई होत्या. केस पांढरे, आवाज खणखणीत. मी त्यांना सगळं ऐटीत सांगितलं. पशुवैद्यक असल्याचं आणि दाबून काढण्याचं तंत्र कसं असतं ते. त्या शांतपणे ऐकत होत्या. माझं झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"तू कुत्रा आहेस का?"

मी खुर्चीत सरळ बसले.

"कुत्र्याची लघवी दाबून का काढता?"

"कारण... सोपं असतं. मालकाला घरी नळी घालणं जमत नाही."

"आणि कुत्र्याला स्वतःला?"

"त्याला कसं जमेल?"

"नाहीच जमणार. त्याला पंजे आहेत. तुला हात आहेत ना? चांगले गाईच्या पोटात खांद्यापर्यंत जाणारे हात आहेत. मग मुठी कसल्या मारतेस पोटात? खालचं तोंड बंद असताना दाबलंस की लघवी वर किडनीकडे जाते. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. तुला अजून तीस-चाळीस वर्षं काढायची आहेत त्या किडन्यांवर."

तोंडात मारल्यासारखं झालं. राग आला तो त्यांचा नव्हता. इतकी वर्षं ज्या ज्ञानावर मी मान ताठ करून गोठ्यात शिरत होते, त्याच ज्ञानानं मला माझ्या अंगात आंधळं केलं होतं. तुम्ही कोणी हे वाचत असाल आणि दाबून काढत असाल, तर थांबा आणि आधी तुमच्या डॉक्टरला विचारा. एवढं एकच उपदेशाचं वाक्य या लेखात आहे.

नळी घालायला त्यांनीच शिकवलं. पाय पसरून बसायचं, समोर आरसा, हात साबणानं स्वच्छ, नळीला जेली. या वयाला आले तरी स्वतःची जागा मी आरशात कधी नीट बघितली नव्हती. गाईच्या आत हात घालून सांगते किती दिवसांची गाभण आहे, आणि माझं मला सापडेना. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा नळी सरकली आणि भांड्यात धार पडली, जोर नाही, मूठ नाही, आवाज करत मोकळी पडली. मी त्या आवाजाकडे कान लावून बसले. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

घरचं राजकारण

सासूबाई सगळ्यांना "कंबरेचं आहे तिचं" असं सांगत होत्या. खोटं नव्हतं ते, पण अर्धं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी विचारलं, "आता बरं ना कंबरेचं?" मी म्हटलं, "कंबर बरी आहे. लघवी होत नाही, नळीनं काढते." सासूबाईंच्या हातातली वाण द्यायची वाटी ताटात आपटली. पण मजा अशी की पाच मिनिटांत त्या खोलीत प्रत्येक बाई आपापलं सांगत होती. कोणाला शिंकलं की गळतं, कोणी हसायला घाबरतं, कोणी प्रवासात पाणीच पीत नाही. सासूबाई ऐकत बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक बदल केला, न सांगता. पूजेआधीची त्यांची अंघोळ आमच्या घरात कोणी अडवत नाही, शिरीषसुद्धा कॉलेजची वेळ चुकवेल पण मध्ये जाणार नाही. त्या दिवशी त्या पंचा घेऊन दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "आधी तू जा."

शिरीषचं मात्र वेगळं चाललं होतं. त्यानं माझ्यासाठी एका डेअरीत टेबलाची नोकरी बघून ठेवली होती. एसी, बाथरूम, गाडी न्यायला येणार. त्याच्या डोळ्यांत भीती होती हे मला दिसत होतं, म्हणून मी भांडले नाही. म्हणजे पहिल्या दिवशी भांडले नाही.

"मळ्यात कुठे करशील ते?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न खरा होता. खरं सांगते, आजाराआधीही मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. गोठ्यांवर फिरणाऱ्या आम्ही बायका सकाळी घरून निघालो की परत येईपर्यंत जात नाही. घरोघरी चहा पुढे येतो, नाही म्हटलं तर त्या घरच्या बाईचं तोंड उतरतं, म्हणून दोन घोट घ्यायचे आणि पाण्याला हात लावायचा नाही. 'वहिनी, संडास कुठे आहे' हे विचारायची मला वीस वर्षं भीड वाटली. पुरुष डॉक्टर द्राक्षबागेच्या कडेला उभे राहतात, झालं. नसा गेल्यावर मला वाटलं, आता भीड धरून काय वाचवायचं उरलंय? पण वाटणं आणि तोंडानं म्हणणं यात फरक असतो, तो मला माहीत होता.

"एकदा जाऊन बघते," मी म्हटलं. "नाही जमलं तर तुझं टेबल आहेच."

"शब्द?"

"शब्द."

निवृत्तीभाऊंची गाय

दिंडोरीच्या पुढे निवृत्तीभाऊंचा मळा आहे. पुढे द्राक्षबाग, मागे गोठा. त्यांचा फोन आला. पहिलारू गाय अडली होती, म्हणजे पहिलंच वेत आणि वासरू बाहेर येईना.

"म्याडम, पाय दिसतेत पण डोकं नाय दिसत. लय वेळ झाला. यायला जमंल का? तुमची तब्येत बरी नाय म्हणत्यात."

"निघाले," मी म्हटलं.

ठरवलं होतं की पोचल्यावर आधी माझं काम उरकायचं, मग गाईचं. पण गाय आडवी पडली होती, जीभ बाहेर, आणि मी विसरले. बूट घातले, हात धुतले आणि सरळ आत हात घातला. वासराची मान मागे वळली होती. बोट त्याच्या तोंडात घातलं तर त्यानं ते चोखलं. जिवंत होतं. मग पायांना दोर, वासराला जरा मागे ढकल, नाकपुडी हाताला लागतेय का बघ, निसटली, परत. घामानं डोळे भरले. खूप खटपटीनंतर डोकं सरळ झालं आणि त्यालाही दोर लागला. आता फक्त ओढायचं होतं. निवृत्तीभाऊ, त्यांचा भाऊ, शेजारचे दोघे आणि ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, सगळे दोराला हात लावून माझ्याकडे बघत होते. वहिनी, म्हणजे निवृत्तीभाऊंची बायको, गोठ्याच्या दारात उभ्या होत्या.

आणि भिंतीवर टांगलेल्या माझ्या पिशवीत फोनचा गजर वाजला. लघवीची वेळ टळून गेल्याचा तो दुसरा गजर होता. पहिला मी ऐकलाच नव्हता.

मला आतून काहीही जाणवत नव्हतं, तीच तर गोम आहे. पण हिशोब डोक्यात होता. पिशवी भरलेली, आणि मी आता त्या दोराला पोटाचा सगळा जोर लावणार. म्हणजे पुन्हा मुठीच मारल्यासारखं. उजवी किडनी एकदा फुगून झाली होती. वासरू चोखतंय, नाळ शाबूत आहे, ते थोडं थांबू शकतं. आणि मी थांबले तर उद्या तालुकाभर होणार की म्याडमला आता झेपत नाय. घरी टेबल तयार आहे. हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं.

मी हात बाहेर काढला आणि उठून उभी राहिले.

"कोणी ओढायचं नाही. नुसतं धरून ठेवा. मला लघवी काढून यायची आहे."

ड्रायव्हर जमिनीकडे बघायला लागला.

"माझ्या नसा गेल्यात. आपोआप होत नाही, नळीनं काढावी लागते. वेळ लागेल थोडा. वहिनी, साबण, स्वच्छ पाणी आणि आतून कडी लागेल अशी जागा द्या."

शेजारच्यांपैकी एक जण हळूच म्हणाला, "दुसऱ्या डाक्टरला फोन लावू का?" मी ऐकलं. माझे कान तरी शाबूत होते.

निवृत्तीभाऊंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "जावा म्याडम. आमी धरतो."

वहिनींनी घरातली मोरी दाखवली, बादली भरून दिली आणि दाराबाहेर पाठ करून उभ्या राहिल्या. मी कोपरापर्यंत हात घासले. एकदा, मग परत एकदा. आरसा खिडकीत टेकवला. मी स्वतःला मोठ्यानं म्हटलं, घाई नाही. नळी पहिल्या खेपेला गेली. बाहेरून गाईचं कण्हणं ऐकू येत होतं आणि आत माझी लघवी सावकाश, तिच्या लयीत, शेवटच्या थेंबापर्यंत निघाली. मी एक थेंबही मागे ठेवला नाही.

परत गोठ्यात आले तर सगळे जसेच्या तसे उभे, दोर धरून.

"झाली?" निवृत्तीभाऊंनी विचारलं.

"झाली. चला."

मग आम्ही ओढलं. गाय कळ देईल तेव्हा ओढायचं, ती थांबली की थांबायचं. डोकं आलं, खांदे अडले, सुटले, आणि वासरू सगळ्यांच्या पायांवर येऊन पडलं. कालवड होती, म्हणजे मादी. नाक साफ केलं, पेंढ्यानं चोळलं, शिंकलं. वहिनींनी हात जोडले.

पण माझं लक्ष गाईकडे होतं. अशा अडलेल्या बाळंतपणात वासराचा भार आतल्या नसांवर पडतो. कधी कधी गाय उठतच नाही, मागचं अंग गेलेलं असतं. ती उठेपर्यंत आणि लघवी करेपर्यंत मी कोणाच्या गोठ्यातून हलत नाही. "थांबा," मी म्हटलं, आणि आम्ही सगळे थांबलो. ती मान वळवून वासराला चाटत होती. मग तिनं पुढचे पाय रोवले. मागचे थरथरले, एकदा बसली, पुन्हा जोर केला आणि उभी राहिली. थोडा वेळ नुसतीच उभी. नंतर पाठ वाकवली, शेपूट वर केली आणि मुतली. धो धो, गोठाभर, माझ्या बुटांवर.

"सुटली!" ड्रायव्हर ओरडला, आणि सगळे हसले.

मी तिच्याकडे बघत होते आणि मला तिचा हेवा वाटला. तिला आरसा लागला नाही, साबण लागला नाही, गजर लागला नाही. शेपूट उचलली की झालं. मग मी वाकून बुटांवर पाणी ओतलं. तिचं काम झालं होतं आणि माझंही झालं होतं.